फाळक्यामागची वारी

'वारीचा आता इव्हेंट झाला आहे' हे वाक्य दरवर्षी आषाढाच्या तोंडावर न चुकता उगवते. रविवारच्या पुरवण्यांत ते असते, विभागाच्या चहाच्या टेबलावर असते, आणि ज्यांनी वारी एकदाही केलेली नाही त्यांच्या तोंडी तर ते हमखास असते. २०२५ च्या आषाढात हे वाक्य थेट आमच्या अंगावर आले. मराठीच्या आम्ही चार अध्यापकांनी पदव्युत्तर वर्गातील तीसेक विद्यार्थ्यांना घेऊन, एक बस भाड्याने ठरवून, संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण पाहण्यासाठी इंदापूर तालुक्यातील बेलवाडीला जायचे ठरवले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "म्हणजे आता रिंगणाचीही पिकनिक का?" प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. हे टिपण म्हणजे त्या प्रश्नाला वर्षभर उशिरा दिलेले उत्तर आहे. बरेचसे भांडण आहे, आणि त्यातले काही आमच्याशीच आहे.

प्रथम बसविषयी, कारण आरोपपत्रात तीच पहिली आहे. आम्हाला साधी बस हवी होती. आषाढात साध्या बस मिळत नाहीत. मिळाली ती लग्नाची वऱ्हाडे आणि वाढदिवस यांसाठी सजवलेली: छताला जांभळ्या-हिरव्या दिव्यांच्या माळा, मागे दोन भलेमोठे स्पीकर, पुढे माईक आणि खिडक्यांना झालरीचे पडदे. भाडे किलोमीटरवर, चालकाचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंग आमच्या अंगावर. ठरवताना मालकाने विचारले, "देवदर्शन आहे की सहल?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. दर दोहोंसाठी एकच होता, त्याला फक्त पावतीवर काय लिहायचे ते हवे होते. 'शैक्षणिक' असे आम्ही सांगितले, आणि हा शब्द उच्चारताना आम्हाला जे ओशाळे वाटले त्याचा खुलासा पुढे येईलच.

पहाटे पुण्याहून निघालो. यवत मागे पडल्यावर रस्त्याकडेला बस थांबवून डब्यांतून आणलेले पोहे खाल्ले, कुणीतरी थर्मासमधला चहा वाटला. चालकाने मोठ्या आपुलकीने "सर, लाइट लावू का, मुलांना मजा येईल" असे विचारले. नको म्हटले तर तो हिरमुसला. भिगवणपर्यंत सोलापूर महामार्गाने आणि तिथून आतल्या रस्त्यांनी जायचे असा बेत होता. पण पालखीच्या दिवशी इंदापूर तालुक्यात कोणाचाही बेत चालत नाही. पोलिसांनी दोनदा वळवले. शेवटी बेलवाडीच्या पुढे, लासुर्ण्याच्या बाजूला एका उसाच्या फडाशेजारी, मोकळ्या रानात आमची बस उभी राहिली. तिच्या उजवीकडे ट्रक, डावीकडे ट्रक, समोर ट्रक. दिंड्यांचे ट्रक.

दिंडीचा ट्रक हा पदार्थ ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगायला हवे. समोर काचेवर कापडी फलक, त्यावर दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची याची नोंद. हौद्यात खाली राहुट्यांचे बांबू आणि ताडपत्र्या, त्यावर वारकऱ्यांच्या वळकट्या आणि नावे लिहिलेल्या पिशव्या, एका कोपऱ्यात पिठाची पोती, तेलाचे डबे, गॅसच्या टाक्या. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडला की त्याचा ओटा होतो. त्या ओट्यावर कांदा चिरला जातो, परातीत पीठ मळले जाते, ताटांची चळत उतरते. खाली जमिनीवर दोन मोठ्या शेगड्या, एकीवर आमटीचे पातेले, दुसरीवर भाताचे. आणि ओळीने बसलेल्या बायका, पुढ्यात तवे, हातात भाकरी. ट्रकच्या सावलीत चालक झोपलेला, कारण तो पहाटे तीनपासून जागा असतो. मुक्काम हलला की राहुट्या उतरवायच्या, ट्रक भरायचा, माणसे चालत निघायच्या आत किंवा बरोबरीने पुढे निघायचे, दुपारच्या विसाव्याच्या जागी चूल पेटवायची, जेवणे उरकली की पुन्हा भरायचे आणि संध्याकाळच्या मुक्कामी पाल ठोकून तयार राहायचे. चालणारा माणूस दमून येतो तेव्हा त्याला पाणी, सावली आणि ताट मिळते. ते त्याच्या आधी तिथे कसे पोहोचले हा प्रश्न त्याला पडत नाही. भक्तीच्या तंद्रीत असलेल्याला तो पडू नये, हेही ठीक आहे. अभ्यासकाला मात्र तो पडायला हवा होता.

यातले बरेच ट्रक एरवी ऊस वाहतात. हा सारा पट्टा साखर कारखान्यांचा: बारामतीकडे सोमेश्वर आणि माळेगाव, सणसरजवळ भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. उन्हाळ्यापर्यंत गळीत हंगाम आटोपलेला असतो, पुढचा दिवाळीच्या आसपास. मधल्या काळात उसाची गाडी उभी असते, आणि उभ्या गाडीचे हप्ते थांबत नाहीत. तेव्हा वारीचे भाडे हे त्या चालकासाठी पुण्य असेलही, पण ते मुळात भाडे असते. दिंडीकरी वारकऱ्यांकडून भिशी घेतो ती याच भाड्यासाठी, पिठासाठी, गॅससाठी. अभंग फुकट असतो. भाकरी नसते.

परदेशी असलेले आमचे काही विद्यार्थी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या दिवसाचे वर्णन करतात. सामना दुपारी असला तरी लोक सकाळीच मैदानाच्या वाहनतळावर येतात, गाडीचा मागचा फाळका खाली सोडतात, तिथेच निखाऱ्यावर मांस भाजतात, खातात, पितात, शेजारच्या अनोळखी गटाला आग्रहाने वाढतात. मोठे गट त्यासाठी सजवलेल्या बस भाड्याने घेतात, आमच्या बससारख्याच, दिव्यांच्या आणि स्पीकरच्या. त्यांच्याकडे या फाळक्यावरच्या जेवणावर समाजशास्त्रज्ञ गंभीरपणे लिहितात. खेळ मैदानात असतो तितकाच तो वाहनतळात असतो, हे त्यांनी मान्य केले आहे. आमच्याकडे रिंगणालाही खेळच म्हणतात. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व सुटतात, आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी धावते. नंतर फुगड्या रंगतात. या खेळावर मराठीत शब्दांचा पाऊस आहे. फाळक्यावर मात्र दुष्काळ.

त्या रानात आम्ही उतरलो आणि विद्यार्थी रिंगणाच्या दिशेने झपझप निघाले. एक विद्यार्थिनी मात्र मागे राहिली. मराठवाड्यातली, वर्गात फारसे न बोलणारी. ती एका ट्रकपाशी उभी राहून भाकरी थापणाऱ्या बाईंशी बोलत होती. "मावशी, किती माणसं तुमच्यात?" "दोनशे हायेत बाई. पन तू कुनाची?" आम्ही तिला हाक मारली, रिंगण चुकेल म्हणालो. ती म्हणाली, "सर, माझी आई अशाच एका ट्रकवर असते. आठ वर्षं झाली. ती भाकऱ्यांना जाते." थोडे थांबून म्हणाली, "तिनं रिंगण कधी पाहिलेलं नाही. रिंगण लागतं तेव्हा ट्रक पुढं निघून गेलेला असतो."

आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही. सुचले ते संध्याकाळी, परतीच्या वाटेवर, आणि ते आमच्या विरोधात जाणारे होते. याच विद्यार्थिनीने आदल्या सत्राच्या परीक्षेत 'वारी आणि समतेची परंपरा' या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते. नेटके, संदर्भांसह, वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात या वळणाचे. आम्ही तिला भरघोस गुण दिले होते. तिच्या आईचा त्यात एक शब्दही नव्हता. परीक्षेत तो येता कामा नये हे तिला कुणी शिकवले? आम्हीच. आम्ही तसे कधी म्हटले नाही, पण वाचायला दिलेल्या प्रत्येक पानाने तेच म्हटले होते.

ती पाने कोणती, ते पाहू. मराठी गद्यात वारीवरचे दोन मोठे ठेवे आहेत. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' हे १९६४ सालचे पुस्तक. दोन्ही आळंदीच्या वाटेवरची, म्हणजे सासवड-फलटणकडून जाणारी. देहूची वाट, म्हणजे लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, इंदापूर, सराटी, अकलूज, या वाटेला तोलामोलाचे गद्य अजून मिळायचे आहे. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. कर्व्यांच्या लेखातला सर्वांत धारदार भाग जेवणाचा आहे. दिवसभर एका दिंडीत, एका सुरात गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसतात, हे त्यांना दिसले, खुपले, आणि त्यांनी ते लपवले नाही. आम्ही वर्गात या लेखातला 'ज्या देशीचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र' या आशयाचा भाग फळ्यावर लिहितो. जेवणाचा भाग 'त्या काळची मर्यादा' म्हणून ओलांडून जातो. वास्तविक उलटे करायला हवे. कर्व्यांनी वारीचे खरे वाचन ताटापाशी केले आहे. व्याख्या त्यांना वाटेत सुचली, पण प्रश्न त्यांना पंगतीने दिला. आणि प्रश्न अजून शिळा झालेला नाही, त्याची फक्त पंगत बदलली आहे. आज विचारायचे ते असे की एकत्र कोण जेवते यासोबतच सगळ्यांचे जेवून झाल्यावर कोण जेवते, आणि रोजंदारीवर कोण थापते.

मोकाशींचे मोठेपण वेगळे आहे. स्वतःच्या अश्रद्धेचा संशय घेत घेत ते चालतात, लोकांना प्रश्न विचारतात, उत्तरांनी गोंधळतात. पण त्यांच्यानंतर जे वारीलेखन आले त्यातल्या बहुतेकांनी हा गोंधळ टाकून दिला आणि फक्त चालणे उचलले. पायांना आलेले फोड, अचानक भेटलेला निरक्षर ज्ञानी म्हातारा, पावसात भिजलेली पताका, शेवटी स्वतःच्या 'मी'चे विरघळणे. हा आता इतका घट्ट साचा झाला आहे की त्यात ट्रक शिरला तर लेखकाला तो कापून टाकावा लागतो, जसा छायाचित्रकार चौकटीतून विजेचा खांब कापतो. आमचा आक्षेप या सौंदर्यदृष्टीवर आहे. जी दृष्टी ट्रक कापते तीच पुढच्या आषाढात 'ट्रकांनी वारीचे पावित्र्य घालवले' म्हणून लेख लिहिते. आधी चौकटीतून काढायचे आणि मग चौकटीबाहेरून आत घुसल्याचा आरोप करायचा.

पायी चालण्याची शुद्धता आणि वाहनाची अशुद्धता हा भेद वारकऱ्यांचा नाही, आमचा आहे. परंपरा काय सांगते? तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सुरू केली. पालखी हेच मुळात वाहन आहे. ती रथात बसते, रथाला बैल जुंपतात, आणि कोणाच्या बैलजोडीला तो मान मिळावा यासाठी शेतकरी महिनोन्‌महिने आधी अर्ज करतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा घडवला तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. अश्व आजही तिथूनच येतात. सरदाराचा तंबू परंपरा ठरतो आणि उसाच्या ट्रकमधली ताडपत्री विकृती, हा निवाडा कोणत्या न्यायाने? आणि ज्या तुकोबांच्या नावाने हे चालले आहे ते तर वाण्याचा व्यवसाय केलेले गृहस्थ. बैलांवर गोणी लादून फिरणे, उधारी, दुष्काळात बुडालेला धंदा, यातून गेलेले. ओझे काय असते, भाडे काय असते, हे त्यांना आपल्याहून नक्कीच चांगले ठाऊक होते.

इथे काटेवाडीचे उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि धनगर आपली मेंढरे पालखीभोवती फिरवतात, त्याला मेंढ्यांचे रिंगण म्हणतात. कळपावर रोगराई येऊ नये ही त्यामागची श्रद्धा. या दोन प्रथांचे वर्णन वर्तमानपत्रे दरवर्षी रंगवून करतात. त्यातले मर्म मात्र कुणी फारसे बोलत नाही. इथे माणसे आपला धंदाच देवापुढे आणतात. परीट कापड आणतो, धनगर मेंढरू आणतो, शेतकरी बैल आणतो, आणि प्रत्येकाला त्याचा मान ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे. मग ट्रकचालकाचा मान कुठे? भाकरी थापणारीचा मान कुठे? तिच्या तव्याला सोहळ्याच्या वेळापत्रकात जागा नाही, कारण तिचा धंदा 'परंपरा' होण्याआधीच भाड्याचा झाला. आम्हाला वाटते, वादाची खरी जागा ही आहे. समता नाही असे म्हणून वारीला झोडपण्याची हौस आम्हाला नाही. पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले, हे माहीत असूनही माणसे चालत राहिली आणि वारी हळूहळू बदलत राहिली. ती आणखी बदलू शकते, म्हणूनच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

वाहनाने वारी बाटते असे मानणाऱ्यांना आम्ही २०२० ची आठवण देऊ. टाळेबंदीचे साल. ३० जून रोजी पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून, मोजक्या लोकांसह, एका दिवसात पंढरपूरला गेल्या. वाटेत लोकांनी त्या बसला हात जोडले. वारीचा इव्हेंट झाला असे तेव्हा कुणीही लिहिले नाही, उलट डोळे पाणावल्याचे लिहिले, आणि ते खरेही होते. म्हणजे देव बसमध्ये बसतो, यावर आपले एकमत आहे. आक्षेप उमटला तो पुढे. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या पालखीकडून एसटीने प्रवासाचे भाडे घेतल्याचे वृत्त आले, आणि गदारोळ उठला. पालखीचे भाडे! शेवटी ते परत करण्याची घोषणा झाली. या गदारोळाकडे जरा साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. बस चालली, डिझेल चालले, चालक चालला. चालली नाही ती पावती. आपल्याला वाहनाची लाज वाटत नाही, वाहनाचा हिशेब मोठ्याने वाचला जाण्याची लाज वाटते. बसमालकाने 'देवदर्शन की सहल' विचारले तेव्हा आम्ही ओशाळलो ते याच कारणाने.

२०२४ मध्ये राज्य सरकारने प्रत्येक दिंडीला २० हजार रुपये देण्याची घोषणा केली तेव्हाही तेच झाले. काही वारकरी मंडळींनी अनुदान नको म्हटले, आणि त्यांच्या नकारामागे स्वाभिमानाची जुनी परंपरा आहे, तिच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण चर्चा सगळी 'वारकऱ्याने सरकारचे घ्यावे का' या नैतिक पातळीवर झाली. दिंडीचा खर्च होतो किती, त्यात ट्रकचे भाडे किती, थापणारीला किती, हे कोणी विचारले नाही. रस्तेबांधणीचे अभियंते या बाबतीत आमच्यापेक्षा चांगले वाचक निघाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या, पाटस ते तोंडले अशा बारामती-इंदापूरवरून जाणाऱ्या सुमारे १३० किलोमीटरच्या चौपदरी पालखी मार्गात चालणाऱ्यांसाठी वेगळी पदपथाची पट्टी आखली गेली. म्हणजे पाय आणि चाके एकाच सोहळ्यात असतात, हे सिमेंटमध्ये मान्य झाले आहे. गद्यात अजून व्हायचे आहे.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. चाकांचे एवढे कौतुक चालवले आहे, तर उद्या आमच्या बससारख्या शंभर बस स्पीकर लावून बेलवाडीत उभ्या राहिल्या तर? त्या नकोत. चाके मारतातही. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात नामदेवरायांच्या आळंदीकडे निघालेल्या दिंडीत जेसीबी घुसून दोन वारकऱ्यांचे प्राण गेले, ते विसरता येत नाही. कंपन्यांच्या नावाचे रेनकोट वाटणारे तंबू, पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या कमानी, ड्रोनची घरघर यांचाही आम्हाला वीट आहे. पण 'इव्हेंट' हा एकच शब्द या सगळ्यावर आणि दिंडीच्या ट्रकवर सारखाच फेकणे म्हणजे टीका करण्याचा आळस आहे. आमची बस आणि तो ट्रक शेजारी शेजारी उभे होते, दोन्ही भाड्याचे, दोन्हींच्या मागे लोक खात होते. ट्रक दोनशे जणांना तीन आठवडे चालते ठेवत होता. आमची बस तीस जणांना एक दुपार दाखवत होती. हा फरक दिव्यांच्या माळांमुळे पडत नाही, आणि साध्या बसने गेलो असतो तरी तो मिटला नसता. सहकाऱ्यांचा 'पिकनिक' हा शब्द आम्हाला लागू पडतो तो इथे. आम्ही पाहायला गेलो होतो आणि पाहून परतलो.

रिंगण आम्ही पाहिले. गर्दीच्या मागून, टाचा उंचावून. अश्व दिसले नाहीत, त्यांच्यामागे उठलेली धूळ दिसली आणि लाटेसारखा आलेला आवाज ऐकू आला. काही विद्यार्थ्यांनी रडू आल्याचे नंतर सांगितले. ते आम्ही खोटे मानत नाही. ती विद्यार्थिनी मात्र आमच्याबरोबर आली नव्हती. परत आलो तेव्हा ती फाळक्याशी बसून ताटे पुसत होती, आणि त्या मावशी तिला आमटीत चुरलेली भाकरी खाऊ घालत होत्या. आम्हालाही बसवले. "माऊली, बसा, वाढते," असे म्हणाल्या. आम्ही जेवलो. उठताना पैसे देऊ पाहिले तर त्या रागावल्या. ट्रकचे भाडे सगळ्यांनी मिळून भरायचे असते, पण आलेल्याला वाढलेल्या ताटाचे मोल घ्यायचे नसते, हा त्यांचा हिशेब. तो आमच्या कोणत्याही सिद्धान्तात बसत नाही आणि आम्ही तो बसवणारही नाही.

परतल्यावर आम्ही एक गोष्ट केली. संतसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी प्रकल्पाचा एक विषय सुचवला: कोणत्याही एका दिंडीच्या हिशेबाच्या वहीचे वाचन. पीठ किती, गॅस किती, भाडे किती, कोणाची भिशी माफ, कोणाची बाकी, कोणी मध्येच परत गेले, कोणाला दवाखान्यात न्यावे लागले. अशा वहीत एका गावाची, एका वर्षाची वारी जितकी सापडेल तितकी आमच्या दहा ललित लेखांत सापडणार नाही. विषय मंजूर झाला नाही. 'हे साहित्य नव्हे' असा शेरा आला. लिहिणारे आमच्याच पिढीचे, आमच्यासारखेच शिकलेले, तेव्हा राग कोणावर काढायचा? आम्ही तो पुन्हा पाठवणार आहोत. दरम्यान त्या विद्यार्थिनीने विचारल्याशिवायच काम सुरू केले. आईच्या ट्रकची वही तिने दिवाळीच्या सुट्टीत मिळवली, दिंडीवाल्या काकांची समजूत घालून. त्यात भाकऱ्या थापणाऱ्या पाच बायकांची नावे नाहीत, फक्त 'बाया ५' अशी नोंद आणि समोर रक्कम. तिने पेन्सिलने पाचही नावे शेजारी लिहिली आहेत, स्वतःच्या प्रतीत.

बस आम्ही याही वर्षी ठरवणार आहोत. या वेळी बेलवाडीला नाही, इंदापूरला. सुचवले तिनेच. इंदापूरचे रिंगण मुक्कामाच्या गावातच असते, ट्रक तिथेच उभा असतो, तेव्हा आईला मैदानापर्यंत चालत जाता येईल, असा तिचा हिशेब. फोनवर आईला तसे म्हणाली, तर आईने विचारले, "आन् त्या टायमाला दोनशे मानसांच्या भाकऱ्या कोन टाकनार?" तेव्हा वर्गातल्या काहींनी आता भाकरी थापायला शिकायला घेतले आहे. पहिल्या खेपेच्या भाकऱ्या आम्ही खाल्ल्या. दोनशे माणसांपुढे ठेवण्याजोग्या त्या अजून झालेल्या नाहीत.